ताईच्या गिटारचा खळगा

सहा रविवार तो गॅलरीत बसून ताईची जुनी गिटार घासत होता. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची आणि सुट्टीला हा उपद्व्याप! दंड भरून आले, नाकातोंडात भुसा गेला.

"हौसेला मोल नसतं," बायको म्हणाली, "पण पाठीला असतं."

तारांखाली ताईच्या नखांनी लाकूड खरवडून खळगा पडला होता. तो बुजवण्यातच दोन रविवार गेले. वर पॉलिशचे सात हात दिले.

आज ताई आली. तिने गिटार मांडीवर घेतली. बोटं सवयीने खळग्याकडे गेली आणि गुळगुळीत लाकडावरून घसरली.

"छान आहे रे ही," ती म्हणाली. "आणि माझी कुठे ठेवलीस?"