क्लच, गिअरबॉक्स अन् टेकचंद

चंद्रभागाबाईच्या मते तिच्या धाकट्या पोराला देवाने सगळं दिलं होतं, गॅरेजात तोंड मिटून उभं राहायची अक्कल तेवढी द्यायची राहून गेली होती. गाडी थांबायच्या आधीच टेकचंदाचं सुरू. रात्री खाटेवर पडून मोबाइलात गाड्यांचे व्हिडिओ पाहायचे आणि सकाळी खुशाल मिस्त्रीपुढे पाठ म्हणून दाखवायचे. "भाऊ, क्लचप्लेट गेली वाटते." मिस्त्री काय येडा आहे नाही म्हणायला? तो म्हणे, "क्लचप्लेटच." रोग याने सांगायचा, औषध त्याने विकायचं, आणि घरी येऊन वर हाच म्हणणार, "माय, खुशाल लय हुशार मानूस आहे. पाहताबरोबर ओळखलं त्यानं."

गाडी म्हणजे शाळेची व्हॅन. कारध्याच्या पुढच्या चार-दोन गावांतली लेकरं भरायची, वैनगंगेच्या पुलावरून भंडाऱ्याला शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. धानाच्या बांधीत घरापुरतं पिकत होतं, बाकी सगळा संसार या व्हॅनवर चाले. आणि दिवाळीपासून ती व्हॅन आवाज करू लागली होती. गाडी जागची हलली की खालून 'टक्'. गिअर बदलला की पुन्हा 'टक्'. क्लचप्लेट बदलली, आवाज तसाच. मग टेकचंदाने नवा व्हिडिओ पाहिला, तेव्हा खुशालने गिअरबॉक्स उघडला. आवाज तसाच. लेकरांच्या आयांची कुजबुज सुरू झाली, आणि दोन घरांनी आपली पोरं गावातल्या विनोदच्या ऑटोत घातलीसुद्धा.

आता टेकचंद म्हणत होता, इंजिनच गेलं. खुशालही तेच म्हणत होता, आणि वर म्हणत होता की नवं इंजिन टाकण्यात अर्थ नाही, विकून टाका, गिऱ्हाईक माझ्याकडेच आहे, रविवारी आणतो.

"व्हॅन गेल्यावर तू का करशीन?" चंद्रभागाबाईने विचारलं.

"पाहू काही."

"पाहाचं कायले? विनोदच्या ऑटोत लेकरं कोंबाले जाशीन."

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत उतरवून तो खुशालकडे निघाला, तेव्हा ती पदर खोचून पुढच्या सीटवर जाऊन बसली. "तू कायले येतं, माय?" टेकचंदाने विचारलं. तिने दार ओढून घेतलं. पोराच्या सासरी जावं तशी ती त्या गॅरेजात उतरली, सगळीकडे नजर फिरवत.

टेकचंद खाली पाय टेकताच बोलला, "भाऊ, मले वाटते इंजिनाची बेअरिंग वाजून राहिली."

"तेच म्हन्तो मी," खुशाल म्हणाला. त्याने सीट उचलली नाही, वाकून पाहिलं नाही, हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही.

चंद्रभागाबाई शाळेत दुसरीच्या पुढे गेली नव्हती, पण बैलबाजारात ती नवऱ्यासोबत पुष्कळ फिरली होती. दलाल खोटं कसं बोलतो ते ऐकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ती अगदी गरीब तोंड करून म्हणाली, "अन् बापू, हार्न वाजवला का गाडी डावीकडं वढते. ते कायनं होते?"

टेकचंदाने चमकून आईकडे पाहिलं. खुशालने चहाचा घोट घेतला. "ते तं होनारच न, काकू. इंजिन ढिलं पडलं का सारीच गाडी ढिली होते."

"बरं झालं सांगितलं," चंद्रभागाबाई म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

पुलाशी आल्यावर ती टेकचंदाकडे वळली. मग म्हणाली, "हार्न वाजवून गाडी वळली असती तं तुले स्टेरिंग कायले पायजे होतं रे?"

"पन तू खोटं काहून बोलली?"

"तो खरं बोलते का, ते पाहाले. आता सांग, दुसरा कोन मिस्त्री आहे?"

"एक सुगत आहे, कारध्याले पुलापाशी. पन त्याची जबान लय खराब आहे, माय. मांगं एकदा गेलो होतो. मी नुसतं बॅटरी उतरली म्हनलो, तं म्हने, तुले सारं समजते तं हा पाना घे, मी चहा प्याले जातो. मंग मी गेलोच नाही."

चंद्रभागाबाईला त्या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. "तिकडंच घे गाडी. अन् तिथं तुह्या तोंडातून सबूद निघाला, तं मी पायी घरी जाईन अन् लोकायले कारन सांगत सांगत जाईन."

सुगत ट्रकच्या चाकापाशी बसला होता. उठलाही नाही. "का झालं?"

"आवाज येते," चंद्रभागाबाई म्हणाली.

"कायचा?"

"ते तू सांग."

"कुठून येते?"

"तेही तूच सांग. आमाले समजलं असतं तं आमी कायले आलो असतो?"

सुगतने टेकचंदाकडे पाहिलं. टेकचंद नदीकडे पाहत होता. सुगत हात पुसत उठला, व्हॅन घेऊन गेला, बऱ्याच वेळाने परत आला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "मले काही आयकू नाही आलं, मावशी. आवाज आयकल्याबिगर मी गाडी खोलत नसतो. घेऊन जा."

'याला काही येत नाही' हे टेकचंदाच्या तोंडावर मोठ्या अक्षरात उमटलं. त्याच्या आईला मात्र त्या माणसाचा लळा लागल्यासारखं झालं. मला नाही समजलं, असं म्हणणारा मिस्त्री तिने आजच पाहिला होता. पण आवाज कुठे गेला? डॉक्टरपुढे खोकला पळतो तसं हे झालं.

"टेकचंद, आता बोल. पन आवाज कवा येते तेवढंच सांग, कायचा येते ते नोको सांगू."

"सकाळी. लेकरं बसले का."

"अन् रिकामी गाडी आनतं तवा?"

टेकचंदाने डोकं खाजवलं. "तवा... नाही येत."

"मंग हे खुशालले काहून नाही सांगितलं?"

"त्यानं इचारलंच नाही."

"तू त्याले इचारू देल्लं कवा?" ती सुगतकडे वळली. "धानानं भरली का मंग बैलबंडी करकरते, बापू. रिकामी बंडी गुपचूप जाते. मी गाडी भरून देतो तुले."

पुलाच्या तोंडाशी भंडाऱ्याला जाणाऱ्या बाया ऑटोची वाट पाहत उभ्या होत्या. त्यात तिच्याच गावची गोदावरीबाई वांग्यांची टोपली घेऊन होती.

"गोदावरी, बस. बाकीच्याही बसा. भंडाऱ्याले सोडून देतो."

"तुही गाडी तं खराब आहे म्हन्ते न?"

"खराब आहे म्हनूनच बसवून राहिली. चांगली असती तं तुले कोन इचारते?"

बाया हसत, एकमेकींना ढकलत, टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या. सुगतने पुलाच्या चढावर गाडी घातली. खालून आवाज आला, 'टक्'. त्याने गाडी थांबवली, मागे घेतली. 'टक्'. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. गोदावरीबाईची वांगी पायाशी लोळू लागली. ती म्हणाली, "हा मानूस भंडाऱ्याले नेऊन राहिला का मंडईच्या जत्रेतल्या पाळन्यात झुलवून राहिला?"

सुगतने गाडी वळवली. गॅरेजशी परत येऊन तो गाडीखाली सरकला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा असतो, त्याच्या जोडाला तो हाताने हलवत होता. खालूनच त्याने टेकचंदाला हाक मारली. "इकडं ये. हात लाव. हालते का?"

"हो, हालते."

"ह्याले क्रॉस म्हन्तेत. हा झिजला. वजन पडलं का टकटक करते. इंजिनाले काही नाही झालं तुह्या, अजून लय वर्सं चालीन."

नवा क्रॉस बसेपर्यंत बाया सावलीत बसून राहिल्या, भंडाऱ्याला फुकट जायचं तर तेवढं चालतं. मग तीच भरलेली व्हॅन घेऊन टेकचंद पुलावर चढला. चंद्रभागाबाई कान देऊन बसली होती. पहिला गिअर, दुसरा गिअर. खालून काही नाही. गोदावरीबाईचीच बडबड तेवढी ऐकू येत होती, आणि आज तीही गोड लागत होती. सोमवारी ती दोन घरची लेकरं परत आणायला आपण स्वतःच जायचं, असं चंद्रभागाबाईने ठरवलं.

बाजारापाशी गाडी थांबली, तसं तिने म्हटलं, "आता खुशालले फोन लाव. गिऱ्हाईक आनू नोको म्हन."

टेकचंदाने फोन लावला. बाया उतरता उतरता ऐकू लागल्या.

"खुशालभाऊ, गाडी नाही इकत आता. हो, दुरुस्त झाली. क्रॉस होता. नाही नाही, मले तं पहिल्या दिवसापासूनच डाउट होता क्रॉसचा. तुमी क्लच खोलला म्हनून मी काही बोललो नाही."

गोदावरीबाईचा एक पाय गाडीत आणि एक रस्त्यावर राहिला. सगळ्या बाया चंद्रभागाबाईकडे पाहू लागल्या. तिने टेकचंदाच्या हातातला फोन घेतला, उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली,

"टेकचंद, जन्मभर तुले मी तंबाखूचा खर्रा खाऊ नाही देल्ला. आतापासून गॅरेजात जाशीन तं एक खर्रा तोंडात घेऊन जात जाय, अन् गाडी दुरुस्त होईपर्यंत थुकू नोको."