सरकारी नंबराचं चाक

गंगेच्या मधल्या बेटावर, बाभळीच्या झाडावर बंकटची थोरली बहीण सारजाबाई आणि तिचा नवरा आश्रुबा चढून बसले होते. मेंढरं कधीच वाहून गेली होती. पाणी झाडाच्या बेचक्याला लागलं होतं, आणि इकडच्या काठाला बंकट नावेच्या मोटारीची दोरी ओढत होता. मोटार एकदा फुरफुरायची, दोरीला उलटा हिसका द्यायची आणि गप्प व्हायची.

बंकट दिंद्रुडला सरकी काढायच्या इंजिनावर कामाला. साऱ्या टापूत इंजिन कळणारा तोच, म्हणून दुपारी त्याला घोड्यावर घालून आणलेलं. झाडावर कोण आहे, हे त्याला काठावर आल्यावर दिसलं.

नाव होती सटवा नावाड्याची. पूर्वी नदीवर आडवा दोर होता. तो धरून माणसं पुरातही पार व्हायची. मग साहेबांच्या शिकारीसाठी ही विलायती मोटार आली. दोर पंख्यात गुंततो म्हणून कचेरीतल्या पेशकार मोहनरावांनी तो तोडायला लावला. वल्ही मालखान्यात जमा. रयतेनं विचारायचं नसतंच. आता मोहनराव छत्री धरून उभे होते आणि सटवा त्यांच्याकडं न बघता चिखलात थुंकत होता.

बंकटनं प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली निळी पडत होती. तेलही येत होतं. म्हणजे ठिणगी भलत्या वेळेला पडत असणार. वरच्या जड चाकावर एक रेघ होती, खाली दुसरी. दोन्ही जुळल्या की दट्ट्या वर आलेला असतो, तेव्हाच ठिणगी पडायला पाहिजे. त्यानं रेघा जुळवल्या आणि प्लगच्या भोकातून ज्वारीची काडी आत सोडली. काडी खोल गेली. दट्ट्या अजून खालीच होता.

चाक दांड्यावर सरकलं होतं. त्याला जागेवर धरणारी लोखंडाची बारकी चावी आत तुटली होती. का तुटली, हे विचारायची गरज नव्हती. चाकाच्या कडेला ताजे आकडे दिसत होते. सरकारी मालावर नंबर पाहिजे म्हणून कचेरीनं छिन्नी लावून घणानं ते ठोकले होते.

बंकट म्हणाला, चाक उतरवावं लागंल.

मोहनराव म्हणाले, नंबर पडलेल्या मालाला वरच्या हुकमाशिवाय हात लावता येत नाही.

"सायेब, तिथं माही बहीण हाय."

"मला दिसतंय ना. पण उद्या मोडलं तर जाब मी देऊ?"

बंकटनं पान्हा खाली ठेवला नाही, पण नटाला लावलाही नाही. हे त्याला पुढं जन्मभर खात राहिलं. सरकारचा माल मोडला म्हणून जेलात गेलेली माणसं त्यानं पाहिली होती. शेवटी मोहनरावांनीच तोड काढली: मोडलं तर जिम्मेदारी बंकटची, असा कागद लिहायचा. शाईची दौत चावडीत राहिली होती. ती आणायला माणूस पाठवला, आणि तो येईपर्यंत सगळे उभे राहिले.

"दौत आणायला गेला का वाळवायला बे?" सटवा म्हणाला.

अंगठा उठवल्याबरोबर बंकटनं चाक ठोकून मोकळं केलं. चावी खरंच दोन तुकडे झाली होती. घोड्याच्या नालाचा खिळा घेऊन तो नवी घासायला बसला. घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. एकदा सारजाबाईनं लुगड्याचा पदर हलवला. बंकटनं कानस वर करून दाखवली. तिला काय कळलं असेल, देव जाणे.

चावी बसली. रेघा जुळल्या, काडी वर आली. पहिल्याच ओढीला मोटार धडधडत सुरू झाली आणि काठावरच्या माणसांनी एकदम पुढं पाहिलं.

बेटाच्या जागी सपाट गढूळ पाणी चाललं होतं. बाभळीची एक फांदीही वर नव्हती.

तरी सटवानं नाव सोडली. बंकट मोटार धरून बसला. ते खालच्या वळणापर्यंत गेले, झुडपं धुंडाळली, दोनदा नदी आडवी कापली. मोटार कुठंच अडली नाही. दिवस मावळायला परत आले, तेव्हा मोहनराव कागदाखाली लिहीत होते की मोटार दुरुस्त आहे.

"बंद कर आता," ते म्हणाले. "तेल जळतंय."

बंद कशी करायची, ते बंकटला माहीत होतं. पण हात उचलवत नव्हता.