दाढेपायी रंगलेलं आभाळ

"मामा, छत रंगवून झालं की तुझी दाढ काढायची," भाची म्हणाली होती. मामा म्हणाले होते, "ठरलं." आणि त्या दिवसापासून छत काही केल्या पूर्ण होईना.

भाची दातांची डॉक्टर. नव्या दवाखान्यात खुर्चीवर आडव्या पडलेल्या माणसाला वर बघायला काहीतरी हवं, म्हणून छतावर तारे काढायचं काम तिनं मामांना दिलं होतं. मामांची उभी हयात लोकांच्या भिंती रंगवण्यात गेली होती, आणि रंग वाळेपर्यंत त्याच लोकांना गोष्टी सांगण्यात. डावी दाढ ठणकत होती, गाल असा फुगला होता की एका बाजूनं मामा भलतेच खात्यापित्या घरचे दिसत. पण त्यांना दुखण्याची भीती नव्हती. त्यांच्या मते दाढ म्हणजे तोंडातली पाचर. ती काढली की शब्द खिळखिळे होतात, आणि बोलायला जावं तर शिट्टी वाजते. मग गोष्ट कुणी ऐकायची?

आधी नुसतं मृग नक्षत्र काढायचं होतं. मामा परांचीवर खिडकीकडे डोकं करून उताणे पडले आणि हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, सगळं झकास उतरवलं.

"झालं ना?" भाचीनं खालून विचारलं.

"झालं कसं? बाण काय आपोआप आला? मारणारा व्याध नको?"

व्याध आला. त्याच्यामागून रोहिणी आली.

"हिचं काय काम?"

"अगं, हिच्यापायीच तर सगळं. प्रजापतीची बुद्धी फिरली, हरीण होऊन हिच्यामागे धावत सुटला, म्हणून व्याधानं बाण मारला. हिला गाळलं तर हरीण फुकटच मेल्यासारखं दिसेल."

मग सप्तर्षी आले, कारण एवढ्या भानगडींवर नजर ठेवायला कुणी वडीलधारं नको का. सप्तर्षी आले म्हणून ध्रुव आला.

"त्याला अढळपद मिळालं म्हणे," भाची म्हणाली. "तुझी दाढ त्याच खटपटीत आहे का, मामा?"

मामांना ऐकू आलं नाही. ते शर्मिष्ठेच्या ताऱ्यांत गुंतले होते. शर्मिष्ठा काढली तर देवयानी रुसणार, दोघी आल्या तर दोघींचा ययाती हवा, आणि लेकीला एकटी कशी सोडायची म्हणून शर्मिष्ठेचा बाप वृषपर्वाही पंख्याच्या हुकाशेजारी येऊन बसला. शेवटी ब्रश टेकवायलाही जागा उरली नाही.

"उतर," भाची म्हणाली.

मामा उतरले आणि खुर्चीवर डोळे गच्च मिटून पडले. सुई झाली, हिरडी बधिर झाली. भाचीची एक खोड होती. समोरच्याच्या तोंडात कापूस गेल्याशिवाय तिला गप्पा सुचत नसत.

"तर दोघी मैत्रिणी पाण्यात उतरल्या," तिनं सुरू केलं. "वाऱ्यानं काठावरचे कपडे एकत्र केले, एकीचे दुसरीनं घातले, जुंपली. देवयानीनं शर्मिष्ठेला विहिरीत ढकललं."

"अं अं," मामा म्हणाले.

"देवयानीनंच. तीच आगाऊ."

"अंऽ अंऽ." मामांनी हातानं उलटसुलट खुणा केल्या. दाढ ठणकलेली चालेल, गोष्ट चुकलेली त्यांना सोसत नसे.

"बरं बाबा, शर्मिष्ठेनं देवयानीला. मग वृषपर्वा आला आणि त्यानं तिला वर काढलं."

मामा कळवळले.

"तोही नाही? मग ययाती का? बरं, ययाती आला. वाकला. तिचा हात घट्ट धरला आणि..."

ट्रेमध्ये टक् असा आवाज झाला.

"...काढली बाहेर. बघ, झालंसुद्धा."

मामांनी कापूस गालात सरकवला. मग हळूच म्हणाले, "ययाती." शब्द लाळेत भिजला होता, पण जागेवर होता. "शर्मिष्ठा," त्यांनी अवघडातलं अवघड करून पाहिलं. शिट्टी वाजली नाही. मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं.

हरणाचे पाय वर होते. सप्तर्षी डोक्यावर उभे होते. मामांनी खिडकीकडे डोकं करून रंगवलं होतं, आणि खुर्चीवरच्या माणसाचे खिडकीकडे पाय.

"सगळं उलटं झालं गं," ते बोबडं बोलले. "पुन्हा रंगवतो."

"रंगव की. छत झालं की दाढ, आपलं ठरलेलंच आहे. उजवीकडची एक किडलीय, ती भरू."

मामांनी हरणाकडे नीट पाहिलं.

"तसं बघितलं तर बरोबरच आहे म्हणा. बाण लागल्यावर हरीण काय उभं राहणार? पाय वर करूनच पडणार. आणि ऋषींचं शीर्षासन चाललंय. छे, आता ब्रश लावला तर बिघडेल."

"म्हणजे छत पूर्ण झालं?"

"पूर्ण."

भाचीनं हातमोजे काढलेच नव्हते.

"मग आ कर," ती म्हणाली, आणि तिनं खुर्ची आणखी थोडी मागे झुकवली.