कावळीचा डूख

मी एक म्हातारी कावळी आहे, मित्रांनो. माझ्या मानेचा राखाडी रंग विटला आहे आणि डाव्या पंखाचे एक पीस गळून गेले, ते पुन्हा आलेच नाही. तुम्ही मला ओळखणार नाही. तुम्हाला सगळे कावळे सारखेच दिसतात. आम्हाला मात्र माणसे सारखी दिसत नाहीत. एकदा पाहिलेले तोंड आम्ही जन्मभर ध्यानात ठेवतो. अशाच एका तोंडाची ही हकिगत आहे.

सोनगीरच्या किल्ल्याखाली, महामार्गापासून थोडे आत, एक हस्तकला केंद्र आहे. तिथल्या अंगणातल्या कडुनिंबावर माझा जन्म झाला. एका पडवीत कौतिकनाना तांब्या-पितळेची भांडी ठोकत. दुसऱ्या पडवीत शेवंताबाई गोधड्या शिवत. मधे कुंभाराचे चाक होते. सकाळ झाली की नानांचा हातोडा सुरू व्हायचा आणि त्या ठोक्यांवर आम्ही पाखरे जागी व्हायचो.

फाल्गुन सरता सरता कडुनिंब पानांनी रिकामा व्हायचा आणि चैत्रात कोवळ्या तांबूस पालवीने भरून यायचा. मग साऱ्या केंद्राला लगीनघाई व्हायची. चिमण्या शेवंताबाईंच्या सुईखालचे दोरे पळवत. खार गोधडीतला कापूस तोंडात भरून झाडावर चढे. कुंभारमाशी चाकाजवळची ओली माती उचलून नेई आणि पडवीच्या आढ्याला आपले घर लिंपत बसे. बोरीच्या झाडाखाली शेळी व्यायची, तिच्या करडांच्या उड्यांनी कच्ची मडकी फुटत. कोकिळा कुहूकुहू करत आमच्या घरट्यावर डोळा ठेवून बसत, आणि त्यांना हुसकावता हुसकावता आमचा जीव मेटाकुटीला येई.

मी घरट्यासाठी नानांच्या तारा उचलायची. कापून टाकलेल्या पितळी, तांब्याच्या तारा. काट्याकुट्यांत त्या गुंतवल्या की वाऱ्याला घरटे हलत नसे. एकदा माझे जुने घरटे वादळात खाली पडले, तेव्हा नानांनी ते उचलून कितीतरी वेळ निरखून पाहिले.

"देख शेवंताअक्का," ते म्हणाले, "इले कोनी शिकाडं व्हई? मना हात देखीसन शिकनी वाटस!"

शेवंताबाई हसल्या. त्या रोज सकाळी भिंतीवर भाकरीचा तुकडा ठेवत आणि म्हणत, "खाय वं माय, खाय." मीही फुकटचे खात नव्हते. अंगणातले खरकटे मी टिपायची. साप निघाला की सगळ्यात आधी माझी हाक उठायची.

शेवंताबाईंचा मुलगा हितेंद्र धुळ्याला शिकून आला आणि केंद्राचा व्यवस्थापक झाला. माणूस कामाचा होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, केंद्रात मोठा मेळा भरवायचा, माहेरी आलेल्या लेकींसाठी कडुनिंबाला झोके बांधायचे, असे त्याने ठरवले होते. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी जागा पाहायला धुळ्याहून काही पाहुण्या आल्या. त्यांतल्या एकीने माझ्या फांदीकडे हात उंचावला. घरट्यात माझी तीन पिल्ले होती, त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते. मी तिच्या डोक्यावरून झेप घेतली. खरे सांगते, चोच मारली नाही. पण ती किंचाळली, आणि हितेंद्र सर्वांसमोर ओशाळला.

पाहुण्या गेल्यावर तो लांब बांबू घेऊन आला.

हातोडा टाकून नाना धावत आले. "अरे हितेंद्रभाऊ, राहू दे ते! पिलं शेतस त्यामा!"

"नाना, मेळ्याला लेकी-सुना येतील. ही त्यांचे डोळे फोडेल, मग जबाबदार कोण?"

"पंधरा दिन थांब. पिलं उडी जातीन."

"पंधरा दिवस कुणाकडे आहेत?" असे म्हणत त्याने बांबू घातला.

मित्रांनो, मी किती ओरडले, किती झेपा घेतल्या, ते सांगून काय उपयोग? घरटे खाली आले. तारा विखुरल्या. तीन पिल्ले फरशीवर पडली आणि हलली नाहीत. हितेंद्रने पायाने तारा बाजूला सारल्या आणि तो हसून म्हणाला, "पाहा नाना, चोरीचा माल!"

त्याच्या डाव्या भुवईवर एक तीळ होता. मी तो पाहून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी सूड घ्यायला सुरुवात केली. तो फाटकातून आत आला की पाठीमागून त्याच्या टाळूवर चोच. त्याने टोपी घातली, मी टोपी उडवली. त्याने छत्री आणली, मी छत्रीच्या खालून गेले. त्याने कपडे बदलले, तोंडाला रुमाल गुंडाळला, हेल्मेट घातले. त्याची चाल मला पाठ होती. मी इतर कावळ्यांना बोलावून त्याचे तोंड दाखवले, आणि तेही ते शिकले. मग तो गावात जिथे जाई तिथे एक तरी कावळा त्याच्यावर कावकाव करून उठे. लोक हसू लागले. पारावरची म्हातारी माणसे म्हणू लागली, "ह्यानी काय तरी पाप करेल शे." मोठ्या पाहुण्यांसमोर त्याच्या चहाच्या कपात मी हाड टाकले. त्याच्या मोटारसायकलची सीट फाडून आतला स्पंज उपसला. तो दारातून बाहेर पडायला कचरू लागला. खिडकीतून आधी झाडाकडे पाही. ते पाहून माझा जीव गार होई.

माझा जोडीदार काड्या गोळा करत होता. "अजून वैशाख उरला आहे, दुसरे घरटे बांधू," असे तो सांगू पाहत होता. मी त्याच्या काडीला चोचही लावली नाही. मला घर नको होते. मला हितेंद्र हवा होता.

शेवंताबाईंनी मुलालाच बोल लावला. "तिनं घर मोडं तू, पोऱ्या. तिना राग रास्त शे." त्यांनी भिंतीवरची भाकरी एक दिवसही चुकवली नाही. पण एका सकाळी भाकरी ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. हात जोडून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "पुरे कर आते, माय. कसा बी ऱ्हायना तरी मना पोऱ्या शे तो."

मी भाकरी खाल्ली. त्यांचे ऐकले नाही.

त्याच दिवशी दुपारी हितेंद्र मोटारसायकलवरून केंद्राबाहेर पडला. मी पुढे रस्त्यावर वाटच पाहत होते. महामार्गाकडच्या वळणावर मी समोरून सूर मारला आणि थेट हेल्मेटच्या काचेवर आदळले. त्याने एक हात वर केला. पुढचे चाक खडीत गेले, गाडी घसरली आणि तो आडवा झाला. मी आनंदाने ओरडत वर गेले. आज मी त्याला जमिनीवर पाडले होते!

गिरकी घेऊन खाली पाहिले तेव्हा मला एक हिरवी साडी दिसली. शेवंताबाई मागे बसल्या होत्या. त्याच्या रुंद पाठीआड त्या मला दिसल्याच नव्हत्या. त्यांचे डोके कडेच्या दगडावर आपटले होते. हितेंद्र खुरडत त्यांच्याकडे गेला. "आई! ओ आई!" तो हाका मारत राहिला.

त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेले. चौथ्या दिवशी नानांचा हातोडा वाजला नाही, तेव्हा मला कळायचे ते कळले.

आखाजी आली आणि गेली. मेळा भरला नाही. कडुनिंबाला झोका बांधला नाही.

दहाव्याला गावाखालच्या नाल्याकाठी सारे जमले. हितेंद्रचे मुंडण झाले होते. पण भुवईवरचा तीळ कुठे जातो? त्याने पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकले. मी बाभळीवर बसले होते. माझ्या भोवती पन्नासेक कावळे होते. एकही खाली उतरला नाही, कारण मी उतरू दिला नाही. एक तरणा कावळा झेपावला, त्याला मी हवेतच फिरवून आणले. मनात म्हटले, आज तुला माझी गरज आहे. उभा राहा उन्हात.

हितेंद्र हात जोडून बोलू लागला. "आई, तुझं गोधड्यांचं काम मी बंद पडू देणार नाही." कावळा शिवला नाही. "ताईला दर आखाजीला माहेरी आणीन." शिवला नाही. ऊन चढले. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू या."

तेव्हा कौतिकनाना पुढे आले. "आईनी काहीच इच्छा ऱ्हायेल नही, भाऊ. त्या फांदीवर कोन बसेल शे, ते देख. राग तिना शे."

हितेंद्रने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने हात डोक्यावर न घेता माझ्याकडे पाहिले. शहरात शिकलेला तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि आपल्या आईच्या बोलीत बोलला.

"मनी चूक व्हयनी, माय. पहिला घाव मना व्हता. तुना तीन गयात, मनी एक गई. आते तिले उपाशी धाडू नको."

मित्रांनो, मला त्याची दया आली नाही. पण 'उपाशी' हा शब्द ऐकला आणि मला त्या भिंतीजवळ हात जोडून उभ्या राहिलेल्या शेवंताबाई दिसल्या. मी रोखून धरली होती ती माझ्या वैऱ्याची वाट नव्हती. रोज मला घास देणाऱ्या बाईची वाट होती, आणि तिला त्या वाटेला लावणारीही मीच होते. हितेंद्रला हे ठाऊक होते. तरी त्याने माझ्या घावाचे नावही काढले नाही.

मी उतरले. पिंडाला चोच लावली.

या गोष्टीला तीन वसंत झाले. केंद्रात आता फाल्गुन ते ज्येष्ठ कडुनिंबाला कुणी हात लावत नाही, तसा हितेंद्रने नियमच केला आहे. रोज सकाळी तो भिंतीवर भाकरी ठेवतो आणि मागे न पाहता निघून जातो. तो आत गेल्याशिवाय मी खाली येत नाही. मी त्याला माफ केलेले नाही. त्याने मला केले की नाही, ते मला माहीत नाही. मी पुन्हा घरटे बांधले नाही.

तेव्हा मित्रांनो, चैत्र-वैशाखात फांदीला बांबू लावण्याआधी एकदा वर बघा. पाने दाट असतात, पण आतून आम्ही तुमचे तोंड पाहून ठेवत असतो. आणि तुमच्यापैकी कुणी कुणाचा डूख धरला असेल, तर त्याच्यावर झेप घेण्याआधी त्याच्या पाठीमागे कोण बसले आहे, तेही बघा.