निळा झगा

ती शिंपीण. वय बावीस, पण सुई तिला लांबून पाहूनच दोरा ओवून घ्यायची, असं लोक सांगत. आणि लोक थोडंच खोटं बोलतात.

तिच्या जिवलग मैत्रिणीने पोरापोरींचा बाहुल्यांच्या खेळाचा कंपू काढला होता. मनाच्या आजाराला नाकं मुरडणाऱ्यांची नाकं बाहुल्यांना चिकटवायची, हा त्यांचा उद्योग. नियम एकच, पण कडक: तालमीत प्रत्येकाने आपली खरी गोष्ट सांगायची, मात्र ती रंगमंचावर तेव्हाच जाणार, जेव्हा सांगणारा स्वतःच्या हातांनी तिच्या बाहुलीचे कपडे शिवेल. झगा शिवला की होकार.

शिंपिणीनेही आपली गोष्ट तालमीत सांगितली होती. तीन महिने इस्पितळात काढले. घरी मात्र, शिवणाच्या वर्गाला परगावी जातेय, म्हणून थाप मारली. तेव्हा दाराची कडी सात-सात वेळा लावून पाहायची. पण झगा काही तिने शिवला नाही. आधी बाबांच्या कानावर घालायचं होतं, स्वतःच्या तोंडाने.

एके दिवशी मैत्रीण निळं कापड घेऊन आली. कंपूतल्या एकीचं बोट कापलंय, तिच्याऐवजी तिच्या बाहुलीचा झगा तेवढा शिवून दे, म्हणाली. शिंपिणीने तासाभरात शिवून दिला, वर किनारही लावली.

प्रयोगाला तिने बाबांना आणलं. परतताना वाटेत सांगायचं ठरवून शब्दही जुळवून ठेवले होते.

पडदा वर गेला. निळ्या झग्यातली बाहुली दाराशी येऊन कडी लावू लागली. सातव्यांदा प्रेक्षक असे हसले, की छताचे पोपडे खाली आले. मग बाहुली म्हणाली, "घरी सांगा, मी शिवणाच्या वर्गाला गेलेय."

बाबांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

शिंपीण विंगेत धावली. माझी गोष्ट का घेतलीस, म्हणून तिने मैत्रिणीचा हातच धरला.

"झगा कुणी शिवला?" मैत्रीण शांतपणे म्हणाली. "आणि टाळ्या ऐक की. किती जणांचं भलं होईल, वेडे."

कंपूत एवढा एकच शब्द वर्ज्य होता.

ती खाली आली. "बाबा, मी आज सांगणारच होते."

"या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"तुझ्या प्रमाणपत्रासाठी मी भिंतीला खिळा ठोकून ठेवला होता," बाबा म्हणाले आणि उठले.

घरापर्यंत ते तिच्यापुढे तीन पावलं चालत राहिले. ती मागे पडली, तरी थांबले नाहीत.