ट्राउटचा रॉड आणि रमाबाईंचं तिकीट

मित्रांनो, मी मासे पकडायचा एक जुना रॉड आहे. साडेपाच फुटांचा, शेवग्याच्या शेंगेइतका बारीक, शेंड्याकडे तर त्याहून लुकडा. माझी मूठ बुचाची आणि पोटाखाली दोरी गुंडाळायचं छोटं रीळ लटकतं, म्हणून मला स्पिनिंग रॉड म्हणतात. सध्या मुक्काम अमेरिकेत, शिकागोजवळचं नेपरव्हिल, माझा मालक प्रफुल्ल याचं गॅरेज, बर्फाच्या फावड्याशेजारी. हिवाळ्यात फावडं फार भाव खातं. खाऊ दे.

कार्बनच्या काळ्या तंतूंचं कापड सळईभोवती गुंडाळून, भट्टीत भाजून मला घडवलं. मग मी दुकानात आलो. तिथे माझे जाडजूड भाऊबंद पटापट खपायचे. मला मात्र लोक हलवून बघायचे आणि "हा मोडेल" म्हणून परत ठेवायचे. मीही जाता जाता एखाद्याची टोपी शेंड्याने उडवायचो. वेळ कसा घालवणार?

२००६ साली, मार्च संपता संपता, प्रफुल्ल आईला घेऊन आला. रमाबाई भंडाऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मुलगा आणि सून प्रणिता सकाळी ट्रेनने शिकागोला कामाला जायचे. बाहेर बर्फ, घरात बोलायला एक मायक्रोवेव्ह, तोही टिंग एवढंच म्हणायचा. दीड महिन्यात रमाबाईंनी सांगून टाकलं, "मले घरी पाठव." प्रफुल्लने परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेला घ्यायला ट्रॅव्हल एजंटला सांगितलं. एजंट सोमवारी फोन करणार होता. पण आईला अशी अर्ध्यातून पाठवणं पोराच्या जिवावर आलं होतं. लहानपणी ती गावच्या तलावात गरी टाकून मासे धरायची. इथे जवळच्या तळ्यात ट्राउट जातीचे मासे सोडतात आणि येत्या शनिवारी मासेमारीचा हंगाम सुरू होणार होता. हा त्याचा शेवटचा डाव.

प्रफुल्लने आधी सात फुटी दणकट रॉड उचलला आणि बॅटसारखा फिरवला. "हा घेऊ आई. मजबूत आहे, जन्मभर टिकेल."

"मासा धराचा हाये का म्हैस?" रमाबाईंनी विचारलं. रॉडची मूठ हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. "शेंडा धर. आता तू मासा हो."

"आई, लोक बघताहेत."

"बघू दे. हळूच चाव."

आणि मोठ्या कंपनीतला तो प्रोजेक्ट मॅनेजर भर दुकानात दोन बोटांनी शेंडा चिमटीत धरून मासा झाला. पहिल्या रॉडमधून काही पोचलं नाही. दुसऱ्यातून नाही. मग माझी पाळी आली. प्रफुल्लने जरा टिचकी मारली आणि मी ती थरथर थेट मुठीपर्यंत नेऊन पोचवली.

रमाबाई गालात हसल्या. "हा सांगते सगळं."

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र प्रफुल्लने घोटाळा केला. त्याच्याकडे टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला प्लॅस्टिक. माझ्या मुठीलाही त्याने स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक चार वेढे गुंडाळलं आणि किमतीची चिठ्ठी तशीच लोंबती ठेवली. प्रणिताने भुवया उंचावल्या तेव्हा म्हणाला, "आई भारतात गेलीच, तर दुकानात परत करता येईल ना."

शनिवारी तळ्यावर गर्दी. आजूबाजूचे लोक ट्राउट काढत होते, आमची पाटी कोरी. मासे येऊन गरीचं आमिष चाखून जायचे. मी ओरडून सांगत होतो, पण त्या चार वेढ्यांतून रमाबाईंना काही कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी मला उलटा धरला. "हे काहून गुंडाळलं रे?"

प्रफुल्ल पाण्याकडे बघत राहिला. "खराब होऊ नये म्हणून. परत करताना..."

"परत कराचा म्हणूनच घेतला?"

"तूच जाते म्हणतेस ना, आई."

रमाबाईंनी दातांनी प्लॅस्टिकचं टोक फाडलं, सगळं सोलून मुलाच्या खिशात कोंबलं आणि उघड्या मुठीला हात लावला. थोड्या वेळाने गरीला ठक झालं. मी सांगितलं, त्यांना कळलं. पण गावच्या बांबूच्या काठीच्या सवयीने त्यांनी मासा डोक्यावरून मागे फेकायला जोरात हिसका दिला, आणि माझी बारीक दोरी तटकन तुटली. पाण्यात एक शेपटी चमकली आणि गेली.

"हिसका नाही द्यायचा आई, रिळाने ओढायचं," प्रफुल्ल म्हणाला.

"मंग आधी सांगाले काय झालं होतं?" त्या तळ्याकडे टक लावून म्हणाल्या, "केवढा होता, पाह्यला?"

"पाहिला."

"सोमवारी त्या एजंटले सांग, राहू दे. तो मासा अजून इथंच हाये."

रमाबाई पूर्ण सहा महिने राहिल्या. पुढच्या वर्षीही आल्या, आणि मी माझी हौस पुरी फेडून घेतली. आता गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नाही. प्रफुल्लच्या ऑफिसात रोज कोणाची ना कोणाची नोकरी जातेय, त्याला रविवारीही कॉम्प्युटर सुटत नाही. माझं रीळ कुरकुरतं, दोरी ठिसूळ झालीय.

मित्रांनो, आम्ही रॉड माशामुळे क्वचितच मोडतो. गाडीच्या दारात सापडतो, नाहीतर कोपऱ्यात पडून कामातून जातो. म्हणून आम्हाला पुसा, रिळात तेलाचा थेंब सोडा आणि वर्षातून एकदा तरी पाण्यावर न्या. बरोबर एखादं बोलायला आसुसलेलं माणूस असेल, तर त्यालाही घ्या. मासा मिळेल की नाही, ते मी पाण्यात बघून घेईन.