इनाससाठी मिस्सा

दार उघडून फादर रेमंड बाहेर आले, तेव्हा मार्था गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिला तिच्याच घराबाहेर थांबायला सांगितलं होतं, कारण आत तिचा नवरा इनास फादरांपुढे पापनिवेदन करत होता.

"शांत झालेत आता," फादर म्हणाले. "तेल लावलं, ख्रिस्तप्रसाद दिला. जायची तयारी झाली त्यांची."

"म्हणजे सगळं माफ?"

फादर तरुण होते, गेल्या वर्षीच या चर्चमध्ये आलेले. यकृत निकामी झालं म्हणून हॉस्पिटलने घरी पाठवलेला, हात जोडून रडणारा म्हातारा इनास तेवढा त्यांनी पाहिला होता. पट्टा काढून मारणारा इनास घोडपदेवच्या या चाळीने पाहिला होता. आमटी अळणी झाली म्हणून एकदा त्याने मार्थाच्या कानशिलात अशी लगावली, की तो डावा कान कायमचा गेला. लालबागच्या दुकानात साड्यांना फॉल-पिको करून तिने घर चालवलं. मुलगी प्रिती बारावी होताच मावशीकडे वसईला गेली, ती पुन्हा बापासमोर आली नाही.

"पश्चात्ताप खरा असेल तर देव क्षमा करतो," फादर म्हणाले.

"माझं नाव घेतलं का त्याने? पोरीचं?"

"पापनिवेदनात ऐकलेलं मला सांगता येत नाही, मार्थाबाई. कुणालाच नाही."

"माहितीये. शिकलेय लहानपणी." तिचा आवाज चढला, तशी शेजारची शेवंती दारात आली. "पण मार मी खाल्लाय फादर, देवाने नाही. तुमच्या कानात चार शब्द पुटपुटला आणि सुटला? हा कुठला न्याय?"

"सुटले असं नाही हो. मरताक्षणी आत्मा देवासमोर एकटा उभा राहतो. तिथे काही लपवता येत नाही. पाप माफ झालं तरी त्या पापाने केलेली मोडतोड शिल्लक असते, स्वतःच्या मनातली आणि दुसऱ्याचीही. त्यासाठीच शुद्धिस्थान आहे. तुम्ही काय सोसलंत ते तिथे त्यांना बघावंच लागेल."

"तिथे कशाला?" मार्था म्हणाली. "मी इथेच उभी आहे. दाराबाहेर."

 फादर हळूच म्हणाले, "'बायकोची माफी मागा' असं मी त्यांना सांगितलं असतं, तरी ते तुम्हाला कळवू शकलो नसतो."

ते जिना उतरून गेले.

"काय गो, काय म्हणालो पाद्री?" शेवंतीने विचारलं.

"तिकीट कन्फर्म झालं म्हणाला," असं बोलून मार्था आत गेली.

इनास उशीला टेकून पडला होता. कपाळावर तेल चमकत होतं. चेहरा खरंच निवलेला होता, आणि त्या निवलेपणानेच तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती स्टूल ओढून समोर बसली.

"फादरला सांगितलंस ते मला सांग."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "फादरनी माफ केलं ना. आता परत कशाला उकरतेस?"

मार्था उठली. तिचा हात वर गेला. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. इनासने धडपडत आपला काटकुळा दंड तोंडासमोर आडवा धरला आणि डोळे मिटले.

दंड असा कसा धरायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने हात खाली घेतला. त्याची कीव आली म्हणून नाही. याच्यासारखं व्हायचं नव्हतं म्हणून.

"भीती वाटली ना?" ती म्हणाली. "ती सोबत घेऊन जा. देवाला दाखव, म्हणावं अशी वाटायची माझ्या बायकोला."

पुढचे दोन दिवस तिने त्याचं सगळं केलं. कूस बदलली, अंग पुसलं, पेज भरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तोंड उघडलं तेव्हा ती वाकली. त्याला पाणी हवं होतं. तिने चमच्याने पाजलं. तासाभरात तो गेला.

प्रिती आली, पण शवपेटीजवळ गेली नाही, आईला लागून उभी राहिली. वसईहून आलेली इनासची बहीण कार्मेल सगळ्यांना सांगत होती, "नशीबवान माझा भाऊ. वेळेवर फादर मिळाले. सरळ स्वर्गात गेला बघा." मग ती मार्थाकडे वळली. "पेटीवर हात ठेव वहिनी, आणि माफ केलं म्हण. त्याची वाट मोकळी होऊ दे."

सगळे थांबले. पेटी उचलायला वाकलेली माणसंसुद्धा.

"त्याची वाट मी अडवलेली नाही," मार्था म्हणाली. "पण मेलेल्या माणसासमोर खोटं बोलणार नाही. न्याय करायला देव बसलाय, मी नाही. मात्र साक्षीला बोलावलं, तर गप्प बसायची नाही."

"मेल्यावरही सोडत नाही," कार्मेल पुटपुटली.

"आत्या, बस कर," प्रिती म्हणाली. तेवढंच, पण खणखणीत.

महिन्याच्या मिस्साची, म्हणजे मृतासाठी चर्चमध्ये करायच्या उपासनेची, कार्मेलने परस्पर सोय केली होती. आदल्या संध्याकाळी मार्था दुकानातून थेट चर्चमध्ये गेली. फादर वेदीवरची फुलं बदलत होते.

"उद्या 'इनासच्या आत्म्याच्या शांतीसाठी' म्हणू नका," तिने सांगितलं. "'शुद्धीसाठी' म्हणा."

"लोक विचारतील."

"विचारू देत. आम्हाला एक दिवस शांती दिली नाही त्याने. त्याला एवढ्यात कशाला? आधी स्वच्छ होऊ दे. कानाकोपऱ्यातून."

फादरांनी हातातली फुलं वेदीवर ठेवली. "ही प्रार्थनाच झाली, मार्थाबाई. कळतंय ना तुम्हाला?"

"रागाने केलेली चालते?"

"चालते."

"मग म्हणा. माफीचं विचारू नका. ती आली तर येईल. नाही आली, तर तेही देवालाच सांगेन."

रविवारी फादरांनी तसंच म्हटलं. "इनास लोपीस यांच्या आत्म्याच्या शुद्धीसाठी." पुढच्या बाकावरून कार्मेलने झटक्यात मागे वळून पाहिलं. आणखी दोन-चार माना वळल्या. मार्थाने नजर खाली घेतली नाही.

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले.

प्रितीचे ओठ मिटलेले होते. मार्थाने तिला कोपराने ढोसलं नाही, नुसता तिचा हात हातात घेतला. मग, बाकीचे म्हणून गप्प झाल्यावर, मार्थाने ते शब्द एकटीने म्हटले.